आकडा नव्वद हजारांचा, रांग दोन वर्षांची

प्रति,
मा. मंत्री आणि सचिव,
शालेय शिक्षण, कौशल्य विकास आणि वैद्यकीय शिक्षण विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय: जर्मनीला जाणाऱ्या परिचारिका आणि आयटीआयच्या मुलांची व्हिसाच्या आधीची वाट

महोदय,

मी मिरजेत जर्मन शिकवते. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकले, काही वर्षं तिथेच नोकरी केली आणि लग्नानंतर इकडे आले. मिरज हे दवाखान्यांचं गाव, त्यामुळे माझ्या वर्गात दहापैकी सात जणी परिचारिका असतात. उरलेले आयटीआय झालेले मुलगे. सकाळचा वर्ग साडेआठला भरतो, कारण रात्रपाळी आठला सुटते. काही जणी चहासुद्धा न घेता थेट येतात. चप्पल काढताना भिंतीचा आधार घ्यावा लागतो इतक्या दमलेल्या असतात आणि पाच मिनिटांत त्यांचं 'डेर, डी, डास' सुरू होतं. चमचा डेर, काटा डी, सुरी डास. मराठी मुलींना हे फार जड जात नाही. आपल्याकडे तो, ती, ते आहेच, कुठल्या वस्तूला काय लावायचं तेवढं नव्याने पाठ करायचं. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या मुली इथे इंग्रजी माध्यमातल्यांच्या पुढे जातात, हे मी दरवर्षी बघते आणि मला त्याचा फार अभिमान वाटतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या राज्याने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला. पहिल्या टप्प्यात १०,००० कुशल माणसं पाठवायची ठरली. त्याच वर्षी ऑक्टोबरात जर्मनीचे तेव्हाचे चान्सलर ओलाफ शोल्त्स दिल्लीला आले, आणि भारतीय कुशल कामगारांना द्यायचे व्हिसा वर्षाला २०,००० वरून ९०,००० होणार, असं पंतप्रधानांनी जाहीर केलं. व्हिसाला लागणारा वेळ नऊ महिन्यांवरून दोन आठवड्यांवर आणल्याचं जर्मन सरकारनेही सांगितलं. त्या दिवशी माझ्या फोनवर एकच बातमी सतरा जणींनी पाठवली होती. एका मुलीच्या वडिलांनी फोन करून विचारलं, "मॅडम, म्हणजे दिवाळी झाली की जाईल का ती?"

ती तेव्हा 'ए-टू'ला होती, म्हणजे ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू या भाषेच्या पायऱ्यांपैकी दुसरीवर. म्हणजे दुकानात भाजी मागता येईल, एवढी भाषा. मी त्यांना काय उत्तर दिलं ते आता नीट आठवत नाही, पण खरं उत्तर 'अजून दीड-दोन वर्षं' हे होतं. तेच आज तुम्हाला सविस्तर सांगायला बसले आहे, कारण ही दीड-दोन वर्षं कुठे जातात हे त्या बातमीत नव्हतं आणि करारावरच्या भाषणांतही मी ते ऐकलेलं नाही.

आधी 'कोटा' या शब्दाबद्दल. आमच्याकडे सगळे म्हणतात, "जर्मनीचा कोटा वाढला." पण भारतीय कुशल कामगारांसाठी जर्मनीच्या कायद्यात अशी संख्येची मर्यादा नाहीच. खरा कोटा आहे तो पश्चिम बाल्कनमधल्या देशांसाठी. जून २०२४ मध्ये तो वर्षाला ५०,००० केला गेला. आपल्यासाठीचा नव्वद हजार हा व्हिसा देण्याच्या तयारीचा आकडा आहे. इतके अर्ज आले तर इतके हाताळू, असा त्याचा अर्थ. ज्याची कागदपत्रं पूर्ण, ज्याच्या हातात नोकरीचा करार, ज्याची भाषा आणि पात्रता मान्य झालेली, त्याच्यासाठी दोन आठवडे. आमच्या मुली मुंबईच्या वकिलातीपर्यंत पोचण्याआधीच, आपल्याच जिल्ह्यात, आपल्याच कार्यालयांच्या दारात अडकून बसतात. ती दारं तुमच्या अखत्यारीत आहेत, म्हणून हे पत्र जर्मन सरकारला न लिहिता तुम्हाला लिहिते आहे.

एका मुलीचं उदाहरण देते. नाव लिहीत नाही. ती जत तालुक्यातली आहे. जीएनएम (परिचर्येची पदविका) झाली, मग चार वर्षं अतिदक्षता विभागात काम केलं. तिच्या हाताखाली शिकलेल्या नव्या डॉक्टरांची संख्या मोठी असेल. जर्मनीत परिचारिका म्हणून मान्यता मिळवायची तर तिकडचं खातं आपलं शिक्षण त्यांच्या शिक्षणाशी ताडून बघतं. तिथल्या अभ्यासक्रमात २,१०० तास वर्गातलं शिक्षण आणि २,५०० तास प्रत्यक्ष काम असतं. मग आपल्या मुलीने कुठल्या विषयाला किती तास दिले, बालरोग विभागात किती, शस्त्रक्रिया विभागात किती, मनोरुग्णांसोबत किती, हे सगळं त्यांना लेखी लागतं. आपल्या गुणपत्रिकेवर गुण असतात, तास नसतात.

ती कॉलेजात गेली. कारकून म्हणाला, असलं सर्टिफिकेट आम्ही देत नाही. दुसऱ्यांदा गेली तेव्हा प्राचार्य बदललेल्या होत्या. तिसऱ्यांदा एक पत्र मिळालं, त्यात तीन ओळी होत्या: अमुक विद्यार्थिनीने आमच्या संस्थेत पूर्णवेळ अभ्यासक्रम पूर्ण केला, तिची वर्तणूक चांगली होती. मी ते पत्र हातात घेतलं तेव्हाच मला कळलं की हे परत येणार. तरी तिने त्याचं शपथबद्ध भाषांतर करून घेतलं, दर पानाला पैसे मोजले आणि पाठवलं. ते परत आलंच. शेवटी तिने स्वतःच्या जुन्या वह्या, ड्युटी चार्ट आणि अभ्यासक्रमाचं छापील पुस्तक समोर ठेवून तासांचा तक्ता बनवला, मी तो टाइप केला, आणि कॉलेजने चौथ्या खेपेला त्यावर शिक्का मारला. सात महिने गेले. तिकडे दोन आठवड्यांत व्हिसा आणि इकडे एका शिक्क्याला सात महिने.

ही तपासणी वगळून थेट ज्ञानपरीक्षा द्यायचा पर्याय अलीकडे खुला झाला आहे, हे मला माहीत आहे. पण जिची कागदपत्रं भक्कम आहेत आणि अनुभव दांडगा आहे, तिने निव्वळ एक तक्ता मिळाला नाही म्हणून परक्या भाषेत पूर्ण परीक्षा का द्यावी?

साहेब, यावर उपाय अगदी साधा आहे. जीएनएमचा अभ्यासक्रम भारतीय परिचर्या परिषदेने ठरवलेला, त्यात विषयवार तास लिहिलेले. बी.एस्सी. नर्सिंगचं शिक्षण राज्यात बहुतांशी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली. महाराष्ट्र परिचर्या परिषदेने आणि विद्यापीठाने तासांचा एकच नमुना ठरवावा, इंग्रजी आणि जर्मन दोन्ही भाषांत छापावा आणि नोंदणी क्रमांक टाकला की पंधरा दिवसांत मिळेल अशी सोय करावी. त्यासाठी परदेश दौरा लागत नाही, निविदा लागत नाही. मला कुणी सांगितलं तर जर्मन मसुदा मी स्वतः बसून विनामूल्य करून देईन.

आता भाषेचं. पूर्ण मान्यतेसाठी साधारणपणे 'बी-टू' लागतं. जर्मन शिकवणाऱ्या आणि तिच्या परीक्षा घेणाऱ्या गोएथे इन्स्टिट्यूटच्या हिशेबाने तिथवर पोचायला ४५ मिनिटांच्या ६०० ते ८०० तासिका लागतात. आठवड्याला दहा तासिका धरल्या तरी सव्वा ते दीड वर्ष. आणि हे पाळी सांभाळून. चार-सहा महिन्यांत जर्मन शिकवून पाठवू, असं कुणी सांगत असेल तर त्याने एकदा माझ्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसावं. परिचारिकेला नुसतं बोलता येऊन चालत नाही. पाळी बदलताना रुग्णाची माहिती पुढच्या बाईच्या हाती द्यायची असते, फोनवर डॉक्टरचा आदेश ऐकून लिहायचा असतो, स्मृतिभ्रंश झालेल्या आजोबांना सगळी रात्र समजवायचं असतं. बाडेन-वुर्टेमबर्गमधल्या श्वाबेन भागातली बोली ऐकली की पुण्यात शिकलेलं जर्मन पहिले दोन महिने कामाला येत नाही, असं तिकडे पोचलेल्या मुली कळवतात. एकीने लिहिलं होतं, "मॅडम, इथे ते 'इश' (म्हणजे 'मी') म्हणतच नाहीत, 'इ' म्हणून सोडून देतात, आणि मला वाटलं माझंच चुकलं."

परीक्षेला मिरजेहून पुण्याला जावं लागतं. जतची ही मुलगी रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघाली, पहाटे पुणे स्टेशनवर उतरली, तिथल्याच प्रतीक्षालयात तोंड धुऊन परीक्षेला गेली. 'बी-टू'चे चार भाग असतात: वाचन, श्रवण, लेखन, संभाषण. प्रत्येकात शंभरपैकी साठ लागतात. तीन भागांत ती उत्तम पास झाली. संभाषणात छप्पन्न. दोन रात्री न झोपलेल्या माणसाचे चार गुण गेले. एकच भाग परत देता येतो, ही त्यातली चांगली गोष्ट, पण त्यासाठी पुन्हा तारीख मिळायला हवी, पुन्हा रजा, पुन्हा फी, पुन्हा ती रात्रीची गाडी. सांगली, कोल्हापूर, सोलापूर, लातूर, नांदेड, अमरावती इथल्या मुली हे सगळं करतात. पुण्या-मुंबईच्या बाहेर, निदान विभागीय ठिकाणी, वर्षातून चार वेळा परीक्षा व्हावी म्हणून राज्याने अधिकृत परीक्षा संस्थांशी बोलणी करावीत. जागा सरकारी कॉलेजांत आहेत. सुट्टीच्या दिवशी ते वर्ग रिकामे असतात.

एक गोष्ट मी सगळ्यांना पहिल्याच आठवड्यात सांगते आणि तुमच्या प्रशिक्षणात ती सांगितली जावी अशी माझी कळकळीची विनंती आहे. जर्मनीत रुग्णाचं अंग पुसणं, त्याला भरवणं, कुशीवर वळवणं, स्वच्छतागृहात नेणं हे परिचारिकेचं रोजचं काम आहे. आपल्याकडे ते मावशी करतात किंवा नातेवाईक करतात. आपल्या परिचारिका सलाइन लावतात, व्हेंटिलेटर बघतात, औषधांचा हिशेब ठेवतात. तिकडे गेल्यावर हातात टॉवेल आला की काही जणींना अपमान वाटतो, रडू येतं. यात अपमान काही नाही, ते तिथल्या शुश्रूषेचं मूळ काम आहे. पण आधी सांगितलं असेल तर मुलगी मनाची तयारी करून जाते. न सांगता पाठवणं हा मात्र तिच्यावर अन्याय आहे.

आता आयटीआयच्या मुलांबद्दल. हे मी जास्त काळजीने लिहिते, कारण परिचारिकांना निदान वाट तरी आहे. करारातल्या कामांच्या यादीत परिचारिकेपासून इलेक्ट्रिशियन, प्लंबरपर्यंत सगळे आहेत. जर्मनीने मार्च २०२४ पासून नियम सैल केले हे खरं. मान्यता नसली तरी अनुभवाच्या जोरावर जाता येतं, किंवा 'मान्यता भागीदारी' करून आधी कामावर रुजू व्हायचं आणि मान्यतेची प्रक्रिया तिकडे गेल्यावर पुरी करायची. पण दोन्ही वाटांवर एक अट आहे: तुमच्या देशात सरकारमान्य असलेलं आणि किमान दोन वर्षांचं प्रशिक्षण. आपल्याकडे आयटीआयला इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचा, फिटर दोन वर्षांचा. प्लंबर मात्र एक वर्षाचा. वेल्डरही एक वर्षाचा.

कवठेमहांकाळचा एक वेल्डर माझ्या संध्याकाळच्या वर्गाला यायचा. कारखान्यात सहा वर्षांचा अनुभव, हात इतका स्थिर की त्याने वर्गातल्या पंख्याचा तुटलेला हूक जोडून दिला आणि जोड कुठे आहे तेही दिसत नाही. 'ए-टू' पास झाला. मग मी नियम वाचले आणि मला त्याला सांगावं लागलं की तुझं सर्टिफिकेट एका वर्षाचं आहे, कुशल कामगाराच्या या दोन्ही वाटा तुला लागू होत नाहीत. अनुभवाच्या वाटेला शिवाय पगाराची अट आहे; २०२५ साली ती वर्षाला ४३,४७० युरो होती, कंपनी सामूहिक वेतन करार पाळत असेल तर सवलत. तो गप्प बसला. मग म्हणाला, "हे मला प्रवेश घेताना कुणी सांगितलं असतं तर मी फिटर घेतला असता." त्याला सांगायला आधी कुणी नव्हतं. मीसुद्धा उशिराच वाचलं, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. सहा महिने मी त्याला शिकवत होते.

कौशल्य विभागाला माझी विनंती आहे की आयटीआयच्या प्रवेश पुस्तिकेत प्रत्येक ट्रेडसमोर एक ओळ छापा: हा ट्रेड जर्मनीच्या कुशल कामगार व्हिसाला चालतो की नाही. आणि एक वर्षाच्या ट्रेडवाल्या मुलांसाठी दुसऱ्या वर्षाची सोय करता येईल का, पुढच्या प्रशिक्षणाला राज्याची मान्यता देता येईल का, हे जर्मन बाजूशी बसून लेखी ठरवून घ्या. मुंबई आणि बाडेन-वुर्टेमबर्गची राजधानी श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत. इतक्या वर्षांच्या ओळखीत एवढा प्रश्न विचारायला संकोच नसावा. तोवर प्लंबर आणि वेल्डर मुलांना भाषेच्या वर्गात बसवण्याआधी खरं काय ते सांगा. त्यांना जायचंच असेल तर तिकडे नव्याने तीन वर्षांची आउसबिल्डुंग, म्हणजे काम करता करता घ्यायचं व्यवसाय प्रशिक्षण, करण्याची वाट आहे, पण ती शिकाऊ म्हणून, सहा वर्षांचा अनुभव बाजूला ठेवून. ते मान्य असेल तर त्याने डोळे उघडे ठेवून जावं.

या सगळ्या गोंधळात एजंटांचं फावतं. नव्वद हजारांची बातमी आली त्या महिन्यात आमच्या भागात पाट्या लागल्या, 'जर्मनी कोटा ओपन, मर्यादित जागा'. मर्यादा नसलेल्या गोष्टीला मर्यादित म्हणून लोकांना घाई करायची, ही त्यांची रीत. माझ्या एका विद्यार्थिनीकडून एकाने साडेतीन लाख मागितले आणि मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतली. तिच्या आईच्या पाटल्या पतसंस्थेत गेल्या. नोंदणीकृत भरती एजंटाला कायद्याने जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी इतकंच घेता येतं, हे तिला माहीत नव्हतं. जर्मनीत तर २०२२ पासून परिचारिकांच्या न्याय्य भरतीचं सरकारी मानचिन्ह आहे आणि त्याचा पहिला नियमच हा की भरतीचा खर्च नोकरी देणाऱ्याने करायचा. मान्यता आणि व्हिसा लवकर मिळवण्याच्या जलद प्रक्रियेचंही असंच आहे. तिकडच्या मालकाने स्थानिक परदेशी-नागरिक कार्यालयात अर्ज करायचा, ४११ युरो शुल्क भरायचं, मग मान्यतेचा निर्णय दोन महिन्यांत आणि पूर्वसंमती आल्यावर वकिलातीची तारीख तीन आठवड्यांत. कायद्यातली ही सोय आमच्याकडे 'तत्काल व्हिसा' म्हणून लाखाच्या भावाने विकली जाते.

केरळने हे वेगळ्या तऱ्हेने केलं आहे. तिथल्या नोर्का रूट्स या सरकारी संस्थेने डिसेंबर २०२१ मध्ये जर्मनीच्या रोजगार संस्थेशी करार केला. निवड झालेल्या परिचारिकेला 'बी-वन'पर्यंतचं जर्मन फुकट शिकवतात आणि तिच्याकडून भरतीचा पैसा घेत नाहीत. माझ्या माहितीतल्या दोन मल्याळी मुली, मिरजेतच शिकलेल्या, त्या वाटेने गेल्या. त्यांच्याच बाकावर बसलेली सांगलीची मुलगी कर्ज काढून गेली. तिघी एकाच दर्जाच्या, एकाच बॅचच्या. पगारातून हप्ता फेडते ती एकटी.

एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करते. आपल्या ग्रामीण रुग्णालयांत परिचारिका कमी आहेत आणि मी त्याच परिचारिकांना बाहेर जायला शिकवते. याचा विचार माझ्या मनात रोज येतो. पण चार वर्षं अतिदक्षता विभाग सांभाळणाऱ्या मुलीला आपण कंत्राटावर जो पगार देतो तो बघितला की तिला थांब म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तिला थांबवायचं असेल तर पगार वाढवून थांबवा. तिचं कागदपत्र अडवून थांबवू नका.

शेवटची मागणी माहितीची आहे. या करारातून आजवर कुठल्या जिल्ह्यातून किती जणांनी नोंदणी केली, किती जण कुठल्या पातळीपर्यंत शिकले, किती जणांच्या हाती नोकरीचा करार आला, किती जणांना व्हिसा मिळाला आणि किती जण प्रत्यक्ष रुजू झाले, हे दर तीन महिन्यांनी जाहीर करा. आकडे लहान असले तरी चालतील. घरोघरी लोक त्यावर निर्णय घेतात. कुणी नोकरी सोडतं, कुणाचं लग्न पुढे ढकललं जातं, कुणी रान गहाण टाकतं.

जतच्या मुलीची संभाषणाची तारीख आली आहे. या वेळी तिला आदल्या दिवशीच पाठवणार आहे, माझ्या मावसबहिणीकडे कोथरूडला राहील, म्हणजे झोप होईल. आणि पुढच्या सोमवारी माझी 'ए-वन'ची नवी बॅच सुरू होते. तेवीस नावं आली आहेत. त्यात चौदा परिचारिका, पाच इलेक्ट्रिशियन, दोन वेल्डर, एक प्लंबर आणि बारावी झालेली एक मुलगी. वेल्डर आणि प्लंबरला मी शनिवारीच बोलावून घेतलं आहे. तुमच्याकडून त्याआधी काही लेखी उत्तर आलं तर त्यांना तेच वाचून दाखवीन.

आपली नम्र,
मिरजेतली एक जर्मन शिक्षिका